उजव्या डोळ्यातली ओल

आबासाहेब पठारे यांच्या मळ्यातलं नवं घर छातीएवढं वर आलं होतं. त्या सकाळी रामहरी औटीनं एक डोळा मिटून पूर्वेच्या भिंतीकडं बघितलं. भिंत मधोमध फुगली होती.

गवंड्याची सवयच असते ती. डावा डोळा मिटायचा, उजवा भिंतीच्या कडेला लावायचा आणि खालपासून वरपर्यंत नजर सरकवत न्यायची. चाळीस वर्षं रामहरीनं अशाच भिंती तपासल्या होत्या. सुपा ते राळेगणसिद्धी या पट्ट्यात त्यानं बांधलेल्या शाळेच्या खोल्या आणि दूध डेअऱ्या माणसं बोट करून दाखवत. हात कधी रिकामा नाही, बूड कधी टेकलेलं नाही आणि तोंडातली बिडी कधी विझलेली नाही, अशी त्याची ख्याती. वय सहासष्ट झालं तरी परांचीवर चढताना तो कुणाचा हात धरत नसे.

त्यानं सहादेवला हाक मारली. सहादेव अठ्ठावीस वर्षं त्याच्याबरोबर होता, आधी हाताखाली आणि मग जोडीदार म्हणून. ही भिंत त्यानंच आदल्या दिवशी रचली होती. रामहरीनं त्याला वरचे चार थर उतरवायला सांगितलं, भिंतीला पोट आलंय म्हणाला. सहादेवनं ओळंबा घेतला, दोरीला बांधलेलं लोखंडी वजन भिंतीलगत सोडलं आणि ते हलायचं थांबेपर्यंत गप उभा राहिला. दोरी वरपासून खालपर्यंत विटांपासून सारख्याच अंतरावर होती.

"सरळ हाय, रामभाऊ," तो म्हणाला.

रामहरीनं पुन्हा डोळा लावला. आता दोरीच मधे वाकलेली दिसली.

"तुझी दोरीच वाकडी हाय," तो म्हणाला.

सहादेव त्याच्याकडं बघतच राहिला. वजन लटकलेली दोरी वाकडी होत नाही, हे पहिल्या दिवशी कामावर आलेल्या माणसालाही कळतं. पण तो वाद घालत बसला नाही, आणि त्याच्या गप्प राहण्यानंच रामहरीचा पारा चढला. त्यानं हातोडी उचलली आणि सगळ्यांसमोर चार थर स्वतः पाडले. घमेली वाहणाऱ्या बाया जागच्या जागी थांबल्या. सहादेवनं आपली थापी पाण्यानं धुतली, पिशवीत घातली आणि मोटरसायकलला किक मारली. निघताना एवढंच म्हणाला, "माझ्या हातावर भरवसा ऱ्हायला नसंल, तर तसं सांगायचं हुतं."

ते चार थर रामहरीनं मग एकट्यानं रचले. रचताना ओळंबा लावला नाही. आपला डोळा हाच ओळंबा, असं तो नेहमी म्हणत आला होता.

पण त्या दिवसापासून त्याचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. रस्त्यानं जाताना विजेचा खांब वाकलेला दिसे. घरात दाराची चौकट बघावी तर तिलाही मधे बाक. तो उठून चौकटीवर हात फिरवी, आणि हाताला लाकूड सरळ लागे. दोन्ही डोळ्यांनी बघितलं की सगळं बरं वाटायचं, म्हणून तो स्वतःची समजूत घालायचा आणि घटकाभरानं पुन्हा एक डोळा मिटून बघायचा.

पाचव्या दिवशी काम चालू असताना सिमेंटचा कण त्याच्या उजव्या डोळ्यात गेला. ओल्या फडक्यानं तो डोळा दाबून धरत त्यानं, काम थांबायला नको म्हणून, डाव्या डोळ्यानं भिंत बघितली. त्यानं नव्यानं रचलेले चारही थर आत दबलेले होते. त्यानं सहादेवची तिथंच राहिलेली दोरी सोडून बघितली. दोरी सरळ होती. मग फडकं डाव्या डोळ्यावर धरून उजव्यानं बघितलं, तर दोरी वाकली. आणि जिथं वाकली तिथं कुणी ओल्या पाटीवर बोट फिरवावं तसा एक पुसट डाग होता.

रामहरी वाळूच्या ढिगावर बसला. सहादेवची भिंत सरळ होती. त्यानं सरळ भिंत पाडून तिथं वाकडी बांधली होती. माणसांना त्यानं लवकर घरी पाठवलं, ते चार थर पुन्हा एकट्यानं उतरवले, दोरी लावून नव्यानं रचले आणि आबासाहेबांना सांगितलं, विटांचा लॉट कच्चा निघाला.

खरं तो कुणालाच बोलला नाही. गवंड्याचा डोळा गेला हे एकदा गावभर झालं की त्याला काम कोण देणार, हीच धास्ती. मोतीबिंदू परत आला असेल असं तो धरून चालला. दोन वर्षांपूर्वी त्याच डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. तो सुप्याला चष्म्याच्या दुकानात गेला. दुकानदारानं नवा नंबर काढून दिला आणि हा डोळा एकदा पडद्याच्या डॉक्टरला दाखवा, असंही सांगितलं. रामहरीनं चष्म्याचं तेवढं ऐकलं. नव्या चष्म्यातून तोच खांब तसाच वाकडा, फक्त जरा जवळ आलेला दिसला.

असे पंधरा दिवस गेले. ताटावर बसला तरी मधेच उठायचा, अंगणात जायचा, आधी हा डोळा मिटायचा, मग तो. छबूबाई, त्याची बायको, ते बघत होती. एकदा भाकरी थापता थापता तिनं विचारलंच, "अवो, रोज त्या खांबाला काय डोळे मारताय?" रामहरी तिच्यावर खेकसला आणि चहा न घेताच निघून गेला.

सून रुपाली गावात आशा ताई म्हणून काम करायची. नवरा अजिनाथ सुप्याच्या कारखान्यात कामाला, घरात दोन लेकरं, आणि हिच्या डोक्यात सगळ्या गावाची दुखणी. सासरे कपात चहा ओतताना आधी बोटानं कपाची कड चाचपतात, हे तिच्या लक्षात आलं होतं. एका सकाळी तिनं आपली चौकटींची वही उघडून त्यांच्या पुढ्यात धरली आणि एक डोळा झाकायला सांगितलं. रामहरी म्हणाला, मला पोरासारखं शिकवू नको. पण तिनं वही काही खाली घेतली नाही. शेवटी त्यानं डाव्या डोळ्यावर तळवा ठेवला. बराच वेळ तो त्या पानाकडं बघत राहिला.

"मधल्या रेघा वितळल्यात," तो म्हणाला.

"किती दिवस झालं, मामा?"

त्यानं सांगितलं. रुपालीनं वही मिटली आणि उद्या आपण नगरला जायचं म्हणाली. त्यानं हो-नाही केलं, पण तिचा आवाज असा होता की पुढं काही बोलायची सोय नव्हती.

नगरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून त्याला दीड तास बसवलं. तो दीड तास त्याला सोसवला नाही. बाकावरून उठून तो जिन्यापर्यंत जायचा, तिथं धूसर उजेडात बिडी चाचपायचा आणि रुपालीच्या नजरेनं परत यायचा. मग मशिनपुढं हनुवटी टेकवून डोळ्याच्या आतले फोटो काढले. तपासणाऱ्या डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी स्क्रीनवर एक आडवा पट्टा दाखवला. हा डोळ्याच्या मागचा पडदा, म्हणाल्या, आणि त्याच्या बरोबर मधला एवढासा भाग आपल्याला बारीक वाचायला, सुईत दोरा ओवायला, माणसाचा चेहरा ओळखायला लागतो. वय झालं की काहींचा तो भाग झिजतो. तुमच्या डाव्या डोळ्यात झीज नुसती सुरू झालीय. उजव्यात मात्र त्याच्याखाली नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या उगवल्यात आणि त्यांतून पाणी झिरपतंय. पडदा उचलला गेलाय, म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते.

रामहरीनं त्या पट्ट्यावरच्या फुगवट्याकडं बोट केलं. "म्हंजी भिंतीला ओल धरली आन् गिलावा फुगला."

बाईंनी मान डोलावली. नेमकं तसंच, म्हणाल्या. मग त्यांनी पुढचं सांगितलं. मोतीबिंदूसारखं हे ऑपरेशन करून काढून टाकता येत नाही. डोळ्यात इंजेक्शन द्यायचं, आधी महिन्याला एक अशी तीन, मग पडदा बघून पुढची. त्यानं ओल आटते. बरेचदा नजर जिथं आहे तिथं थांबते, कधी थोडी सुधारते, पण वेळ चुकवून चालत नाही. बिडी आजपासून बंद, कारण धूर या दुखण्याला खतपाणी घालतो. मेथी, पालक, शेवग्याचा पाला असं हिरवं खायचं, डाव्या डोळ्यासाठी गोळ्या घ्यायच्या आणि इंजेक्शननंतर काही दिवस धुळीत जायचं नाही.

शेवटी त्यांनी विचारलं, घरात आधी कुणाला असं झालं होतं का. रामहरी नाही म्हणाला. आणि नाही म्हणता म्हणताच थांबला.

त्याची आई, बनुबाई, बारा वर्षांपूर्वी गेली होती. शेवटची सात-आठ वर्षं ती कुणाच्याही तोंडाकडं बघून बोलत नसे. समोरच्याच्या कानाच्या पलीकडं, खांद्याच्या वर कुठंतरी बघायची. म्हातारी तिरकस झाली, गर्वानं मान वळवते, असं बायाबापड्या म्हणायच्या. धान्य निवडणं तिनं सोडलं होतं, आणि घरच्यांनी तो आळस धरला होता. एकदा कामावरून वैतागून आलेला रामहरी तिला म्हणाला होता, माझ्याकडं बघून बोल की, भिंतीशी काय बोलतीस? त्यावर ती म्हणाली होती, "बघाया गेलं की तू जातूस, रामा." म्हातारपणी काहीबाही बोलते म्हणून त्यानं ते सोडून दिलं होतं.

"आईला हुतं," तो डॉक्टरबाईंना म्हणाला.

इंजेक्शनला तो जेवढा भ्यायला होता तेवढं ते नव्हतं. डोळा बधिर केला, जरा दाबल्यासारखं झालं आणि संपलं. महिन्यानं दुसरं झालं. त्यानंतर आठ-दहा दिवसांत खांबाचा बाक कमी झाला. डाग राहिला, पण फिकट. रामहरीला वाटलं, जिंकलं. आबासाहेबांच्या घराचा स्लॅब राहिला होता. तिसऱ्या इंजेक्शनची तारीख नेमकी त्याच आठवड्यात आली, आणि त्यानंतर धुळीत जायचं नाही म्हणजे पुन्हा आठवडा घरात बसून काढायचा. घरात बसणं त्याच्या अंगात नव्हतंच. रुपाली त्या दिवसांत लसीकरणाच्या फेरीवर होती. त्यानं घरात सांगितलं, दवाखान्याचा फोन आला, तारीख पुढं ढकललीय. सगळ्यांनी विश्वास ठेवला. स्लॅब टाकून झाला. तीन आठवडे तो खुशीत होता, फक्त अधूनमधून बिडी ओढायला तो गोठ्यामागं जायचा.

एका सकाळी तोंड धुऊन त्यानं आरशात बघितलं तर उजव्या डोळ्यापुढं काळपट लाल गोळा उभा होता. चोळला, पाणी मारलं, पण तो हलेना. तेव्हा त्यानं रुपालीला बोलावून खरं सांगितलं. तिनं लगेच पिशवी उचलली. नगरला डॉक्टरबाईंनी फोटो बघून सांगितलं, पडद्याखाली रक्तस्राव झालाय. आणखी दोन इंजेक्शनं दिली. रक्त हळूहळू विरलं, पण मधल्या जागी व्रण राहिला. या डोळ्याची मधली नजर आता परत येणार नाही, कडेची मात्र राहील, आणि व्रण आणखी पसरू नये म्हणून इंजेक्शनं चालू ठेवायची, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

पुढचा महिना त्या घरानं वाऱ्याच्या तोंडावर काढला. रामहरीनं बिडी सोडली ती एका दिवसात, आणि त्यापायी आणखीनच पेटून उठला. गोठ्यापासून विहिरीपर्यंत, विहिरीपासून रस्त्यापर्यंत येरझाऱ्या घालायचा. एकदा बादलीला अडखळून पडला आणि बादलीच शेतात भिरकावली. भेटायला आलेल्या माणसांना तोंड चुकवायचा. मोटरसायकलची किल्ली त्यानं स्वतःहून अजिनाथच्या हातात दिली.

एका दुपारी छबूबाई अंगणात शेंगा फोडत बसली होती. रामहरी तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि त्यानं डावा डोळा झाकला. तिचा चेहरा गेला. पदराचा काठ होता, हात होते, मांडीवरचं सूप होतं. चेहऱ्याच्या जागी राखेचा गोळा. त्यानं नजर जरा सरकवून तिच्या खांद्यापलीकडं, तुळशीकडं नेली. आणि बाजूला, अंधूक का होईना, छबूबाई आली. कुंकू, नाक, हलणारे ओठ.

तो तिथंच खाली बसला. आई अशीच बघायची. ती मान वळवत नव्हती, ती त्याला बघायची धडपड करत होती. त्यानं आईचे ते शब्द छबूबाईला सांगितले.

छबूबाईनं सूप बाजूला ठेवलं. "मला म्हनल्या हुत्या त्या. नजरंपुढं काळं येतंय म्हनल्या. रामाला सांगू नको, त्याच्या मागं लई कामं हायेत. तवा मलाबी वाटलं, वय झालं, असायचंच."

मग छबूबाईनं त्याच्या ओंजळीत शेंगा ओतल्या आणि तो फोडत बसला. महिन्यात पहिल्यांदाच तो एका जागी तासभर बसला असेल.

दुसऱ्या दिवशी तो चालत शेजारच्या गावी गेला. तिथं सहादेवचं काम चालू होतं. सहादेवनं त्याला लांबूनच बघितलं, पण हातातली वीट ठेवेपर्यंत मान वर केली नाही. रामहरीनं वाटेत जुळवलेलं सगळं भाषण विसरलं गेलं.

"भिंत सरळ हुती," तो म्हणाला. "माझा डोळा वाकडा हुता."

"म्हाईत हाय," सहादेव म्हणाला. त्यानं थापी विटांवर ठेवली. "तुमी रचलेल्या थरांवर मी दुसऱ्या दिशी सांजच्याला ओळंबा धरून बघितला हुता. तवाच कळलं कायतरी बिनसलंय. घरी येऊन सांगायचं हुतं. पन राग हुता मनात. आलो असतो तर डोळा वाचला असता कदाचित."

रामहरीनं असं काही ऐकायची तयारी केली नव्हती. तो माफी मागायला आला होता आणि इथं दुसराच माणूस अपराध्यासारखा उभा होता. तो म्हणाला की तू आला असतास तरी मी तुला हाकललंच असतं. सहादेव त्यावर पहिल्यांदा हसला. ते खरंच होतं.

त्यानंतर रामहरी सहादेवच्या कामावर येऊ लागला. परांचीवर नाही. माल किती पातळ-घट्ट हवा ते तो हाताला लावून सांगायचा, वीट वाजवून पारखायचा, नव्या माणसांना थर लावायला शिकवायचा. इंजेक्शनच्या आठवड्यात येत नसे. त्या आठवड्यात त्याचा जीव घरात कोंडायचा, पण तो यायचा नाही.

रुपालीनं दवाखान्यातून मिळालेला चौकटींचा कागद आरशाशेजारी चिकटवला होता, मधे काळा ठिपका असलेला. रोज सकाळी चष्मा लावून, उजवा डोळा हातानं झाकून, डाव्यानं त्या ठिपक्याकडं बघायचं आणि भोवतीच्या रेघा तपासायच्या. रामहरी ते देवपूजेसारखं करायचा. चार महिने सगळ्या रेघा सरळ होत्या.

पाचव्या महिन्यात, एका मंगळवारी, ठिपक्याच्या डाव्या अंगाची एक उभी रेघ थरथरल्यासारखी वाटली. त्यानं चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. उजेडात जाऊन आला आणि पुन्हा बघितलं. रेघ केसभर वाकली होती. घरात कुणी नव्हतं. रुपाली उपकेंद्रावर, अजिनाथ पहिल्या पाळीला, छबूबाई रानात. अमावस्या जाऊ दे, आठवडा जाऊ दे, असलं काही मनात यायच्या आधीच त्यानं सहादेवला फोन लावला. सहादेवचा माल कालवून तयार होता. तो तसाच टाकून वीस मिनिटांत दारात आला.

नगरचा रस्ता त्या दिवशी संपता संपेना. मागं बसलेला रामहरी सारखा डोळा झाकून पुढच्या टेम्पोच्या कडा तपासत होता, आणि सहादेवला त्याचं हलणं पाठीवर जाणवत होतं. दवाखान्यात नंबर एकोणिसावा. तो बसला, उठला, खिडकीवरच्या बाईला जाऊन म्हणाला की माझा एकच डोळा ऱ्हायलाय आन् त्याची रेघ आज वाकली, मला आत घ्या. असं बोलायची त्याला लाज वाटली नाही. तिनं त्याला आत घेतलं.

फोटोत फुगवटा दिसला, तांदळाच्या दाण्याएवढासुद्धा नाही. डॉक्टरबाईंनी त्याच दुपारी इंजेक्शन दिलं. आज आलात हे फार बरं केलंत, एवढंच म्हणाल्या.

महिनाभर त्यानं रोज तो कागद बघितला. पहिले दहा दिवस रेघ तशीच होती आणि त्या दहा दिवसांत त्याला घास गोड लागला नाही. अकराव्या दिवशी त्याला ती सरळ वाटली, पण त्यानं कुणाला सांगितलं नाही. ठरल्या तारखेला सहादेवच्याच मागं बसून तो नगरला गेला. डॉक्टरबाईंनी जुना फोटो आणि नवा फोटो शेजारी लावून दाखवले. ओल आटली होती. अक्षरांचा तक्ता त्यानं पूर्वीइतकाच खालपर्यंत वाचला. इंजेक्शन मात्र थांबवायचं नाही, बाई म्हणाल्या. हे परत येऊ शकतं.

"येऊ द्या," रामहरी म्हणाला. "मीबी परत यीन."

बाहेर सहादेव औषधं घ्यायला थांबला होता. रामहरीला बाकावर बसवेना. त्यानं काळा चष्मा लावला आणि भिंतीला एक हात लावत जिना उतरून तो रस्त्यापर्यंत गेला, तिथून परत आला, पुन्हा गेला.